सुपारीची बायको

श्रावण जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो आणि माझं डोकं फिरायला लागतं. ‘गुरुजी, दुसरा शुक्रवार मोकळा आहे का?’ ‘गुरुजी, केळीचे खुंट तुम्ही आणाल की आम्ही बघू?’ यंदाही एका आठवड्यात चार फोन आले. चौघांनाही मी एकच उत्तर दिलं, की मी आता पूजा सांगत नाही. तिघांनी तब्येतीची चौकशी केली. चौथ्या बाईंनी मात्र ‘असं कसं, देवाचं काम आहे’ म्हणून मलाच चार शब्द सुनावले. वयाबरोबर माझी जीभ फार तिखट झाली आहे, म्हणून मी लगेच फोन ठेवला.

खरं तर मी गुरुजी नव्हेच. धंद्याने मी एसीवाला. एकतीस वर्षांपूर्वी मस्कतला आलो तो डक्टमध्ये डोकं घालणारा टेक्निशियन म्हणून, आणि आता बौशरमधल्या सात-आठ इमारतींच्या यंत्रांवर देखरेख करतो. पण जन्म राजापूरकडच्या भिक्षुकाच्या घरातला. मुंज झाल्यापासून वडिलांच्या मागे पळी-पंचपात्र घेऊन हिंडलो होतो. इथे कुणाला तरी त्याचा सुगावा लागला, आणि शुक्रवारच्या सुट्टीला कुणाच्या ना कुणाच्या घरी सत्यनारायण सांगणं माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं हे आता म्हणतो. तेव्हा मला ते फार आवडायचं. आठवडाभर लोक मला ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे चल चल, म्हणून जिने चढवायचे, आणि शुक्रवारी तेच लोक माझ्या पाया पडायचे. कुणाला आवडणार नाही?

इथल्या श्रावणात हिरवं काही नसतं. खजुराची झाडं असतात, पण तीही धुळीने माखलेली, आणि त्यांच्या पिवळ्या-तांबड्या घडांना पाखरांपासून वाचवायला जाळीच्या पिशव्या बांधलेल्या. गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि क्षणभर काही दिसत नाही. समुद्रावरून येणारी दमट हवा अंगाला चिकटून राहते. नळ उघडला तर थंड पाण्याच्या नळातूनही कढत पाणी. ह्याच दिवसांत कॉम्प्रेसर बंद पडतात, लोक माझ्या नावाने ओरडतात, आणि ह्याच दिवसांत व्रतवैकल्यं येतात. देवाने ऋतू वाटताना ओमानचा विचार केलेला नाही, असं मी एकदा थट्टेत म्हणालो होतो. समोरच्या काकूंनी कानाला हात लावले.

आमच्या पूजांची एक खास तऱ्हा होती. नव्या फ्लॅटांमध्ये छताला धुराची सूचना देणारं यंत्र असतं. आरतीला कापूर पेटला की ते बोंबलतं, आणि मग पहारेकरी धावत वर येतो. म्हणून पूजेआधी मी स्टुलावर चढून त्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड लावायचो. इमारतींत फिरून लोकांना ‘ते झाकू नका’ म्हणून बजावणारा मीच. समईची वात फडफडू नये म्हणून एसी बंद करायचा. मग तीस माणसं एका हॉलमध्ये घामाने निथळत अध्याय ऐकायची. शिरा, उदबत्ती, घाम आणि नव्या रंगाचा वास, हा माझा श्रावण. मला तो अजूनही नाकात येतो आणि अजूनही बरं वाटतं. रागावलेल्या माणसाला बरं वाटू नये असा काही नियम नाही.

ह्या पूजेला जोडीने बसतात. नवऱ्याने संकल्प सोडताना बायकोने त्याच्या हाताला हात लावायचा. लग्न झालं की नव्या जोडप्याला पहिल्यांदा बसवतात तेही ह्याच पूजेला. आता इथल्या रुवी भागातल्या कामगारांच्या खोल्यांमध्ये जोडी आणायची कुठून? तिथे आमचे कोकणातले लोक एका खोलीत सहा-सहा राहतात, बायका गावी. त्यावर शास्त्राने तोड काढून ठेवलेली आहे. बायको हजर नसेल तर पुरुषाने कनवटीला सुपारी लावावी. सुपारी म्हणजे बायको. आमच्याकडे विधुर बापही मुलीचं कन्यादान असंच करतो.

पहिल्यांदा मी हे सांगितलं ते साळवीला. साळवी देवगडकडचा, क्रेन चालवतो. लाजत लाजत म्हणाला होता, “गुरुजी, घरकारीण गावाक आसा. मगे कसां करूचां?” मी त्याला सुपारी दिली. धोतर नव्हतं, तेव्हा त्याने ती पँटच्या पट्ट्यात खोचली, आणि संकल्पाच्या वेळी डावा हात पोटावर असा धरून बसला, की जणू खरोखरच शेजारी कुणी अवघडून बसलं आहे. पुढे ती चालच पडली. दर श्रावणात रुवीत मी दहा-बारा सुपाऱ्यांची लग्नं लावल्यासारखी पूजा सांगायचो. एकाने जेवण झाल्यावर आपली बायको अडकित्त्याने कातरून खाल्ली, त्यावर वर्षभर हसत होतो. साळवी मात्र आपली सुपारी कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवायचा आणि पुढच्या वर्षी तीच आणायचा.

मला त्या तोडीचा फार अभिमान. माझे वडील म्हणायचे, शास्त्र माणसाला अडवायला नाही, वाट काढून द्यायला आहे. हे मी साळवीच्या खोलीत मोठ्या रुबाबात सांगायचो. त्याच वडिलांनी दिलेली एक थप्पड मात्र कुणाला सांगितली नव्हती. मी नऊ वर्षांचा होतो. पोथीत एक मुलगी प्रसाद टाकून नवऱ्याच्या नावेकडे धावत जाते आणि देव ती नाव बुडवतो. मी भर पूजेत विचारलं, की तिला नवऱ्याला बघायची घाई झाली, तर देवाला एवढा राग का आला? देवाचं मला माहीत नाही, वडिलांना आला. नंतर आयुष्यात पुन्हा मी पोथीला काही विचारलं नाही, आणि ह्यालाच मी श्रद्धा म्हणत आलो.

आमच्या घरात हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला तो जिन्सीने. जिन्सी माझ्या मुलीची, मुग्धाची, वर्गमैत्रीण. रुवीत राहायची. तिचे वडील थॉमस मलयाळी ख्रिस्ती, त्यांच्या प्रार्थनामंडळात मोठा मान असलेले. माणूस सज्जन, पण मूर्तीला दाखवलेला नैवेद्य पोटात जाता कामा नये ह्यावर ठाम. पोरगी मात्र आमच्याकडे श्रावणात हटकून यायची, शिऱ्याच्या वासाने. दहा वर्षांची असेल. वैदेहीने, म्हणजे माझ्या बायकोने, वाटी पुढे केली तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला म्हणाली, “अंकल, नाही खाल्लं तर तुमचा गॉड अँग्री. खाल्लं तर आमचा अँग्री. मी काय करू?” मी खो-खो हसलो. वैदेही म्हणाली, गरम आहे तोवर खा. पोरीने खाल्लं, आणि बोटांचं तूप मुग्धाच्या फ्रॉकला पुसलं. दोघी कितीतरी वेळ हसत बसल्या होत्या. आज वाटतं, तिच्या प्रश्नाला आमच्या घरात वैदेहीनेच काय ते उत्तर दिलं.

दोघी शिकायला कॅनडाला गेल्या, आधी मुग्धा, मग वर्षाने जिन्सी. तिथेच नोकऱ्या लागल्या. मुग्धासाठी मी स्थळं बघत होतो, आणि ती दरवेळी आपल्या मोडक्या मराठीत ‘बाबा, आत्ता नको, प्लीज’ म्हणत होती. मग अडीच वर्षांपूर्वी थंडीत एका संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉल केला. शेजारी जिन्सी, दोघींच्या अंगावर जाड कोट, मागे बर्फ. आदल्या दिवशी तिथल्या नगरभवनात दोघींनी लग्न केलं होतं. साक्षीला ऑफिसातली दोन माणसं. मुग्धा म्हणाली, आधी सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं. मी फोन टेबलावर पालथा घातला. वैदेहीने तो उचलला आणि बाल्कनीत गेली. काचेपलीकडे ती बोलताना दिसत होती, मध्येच डोळे पुसत होती, मध्येच हसत होती. मला तिचा त्या हसण्याबद्दल फार राग आला.

नंतर सहा महिने मी धुमसत होतो. इथे असल्या गोष्टी मोठ्याने बोलायची सोय नाही. कायदा आहे, शेजार आहे, नोकरी आहे. खरं सांगायचं तर ती सोय नसण्याचीच मला सोय झाली. कुणाला काही सांगायला नको, कुणाला काही विचारायला नको. आणि आषाढात मुग्धाचा निरोप आला, श्रावणात दहा दिवस येतोय, दोघीही.

विमानतळावर मी जिन्सीची बॅग उचलली नाही. लहानपणापासून घरात वावरलेली मुलगी, पण मला तिच्याकडे बघवेना. ती आधी रुवीला स्वतःच्या घरी गेली. थॉमसने दार उघडलं नाही. तासाभराने टॅक्सी करून आमच्याकडे आली, चेहरा धुऊन पुसून, आणि वैदेहीला म्हणाली, “आंटी, भूक लागली.” शेजारपाजारच्यांनी काही विचारलं नाही. मुग्धाची मैत्रीण आली आहे, एवढंच. त्या दोघी घरात एकमेकींना हातही लावत नव्हत्या. एकाच सोफ्यावर बसल्या तरी मध्ये उशी. मला ते बघून समाधान वाटायचं, म्हणजे तेव्हा माझ्यात किती विष होतं बघा.

त्याच आठवड्यात थॉमस मला भेटला, बौशरच्या एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये. सामानाच्या ट्रॉलीत कलिंगड, मासे आणि तांदळाची गोणी. वीस वर्षं आम्ही भेटलो की वाद घालत आलो होतो. मूर्ती का हवी, देवाला मुलगा कसा, पुनर्जन्म खरा की शेवटचा न्याय खरा. हसत हसत, पण वादच. त्या दिवशी त्याने गाडीवर हात ठेवून मान खाली घातली आणि हिंदीत म्हणाला, किताबमध्ये साफ लिहिलंय, भाई. मी म्हणालो, आमच्यातही. तो म्हणाला, पोरींना आपणच डोक्यावर चढवलं. मी म्हणालो, खरं आहे. वीस वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत झालं आणि ते स्वतःच्या मुलींविरुद्ध. आमच्यात नक्की कुठे काय लिहिलंय हे मला ठाऊक नव्हतं. तरी मी ठोकून दिलं. थॉमसच्या माशांवरचा बर्फ उन्हात वितळायला लागला होता, म्हणून आम्ही निघालो.

आमच्या घरची पूजा श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी. मी आणि वैदेही जोडीने बसायचो, आणि मीच सांगायचो. गुरुवारी संध्याकाळी वैदेही प्रसादाचा रवा निवडत होती, मी केळीचे खुंट चौरंगाला बांधत होतो. मुग्धा माझ्या बाजूला येऊन खाली बसली. तिने सुतळीचं टोक धरलं. म्हणाली, “बाबा, लग्नानंतर हीच पूजा करतात ना? उद्या मी आणि जिन्सी बसू?” तिने हे इतकं हळू विचारलं, की मला आधी वाटलं ती सुतळीबद्दलच काहीतरी म्हणते आहे. मग मी नाही म्हणालो. तिने का विचारलं. मी म्हणालो, शास्त्रात बसत नाही. तिने मान हलवली आणि गाठ पक्की होईपर्यंत सुतळी धरून ठेवली.

सकाळी अंघोळ करताना मला तोड सुचली. आज ती तोड आठवली की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, पण तेव्हा मला वाटलं, वा, काय अक्कल चालली. मुलीचं मन मोडायचं नाही आणि शास्त्रही राखायचं. मुग्धाला एकटीला पाटावर बसवायचं, नवऱ्याच्या जागी सुपारी द्यायची. जिन्सी भिंतीशी पाहुण्यांत बसेल. पुरुषाला सुपारीची बायको चालते, तर बाईला सुपारीचा नवरा का चालू नये? असं कुणी कधी केलेलं नव्हतं. म्हणजे नवीन रीत पाडायचं धैर्य माझ्यात होतं. मी मुग्धाला एवढंच सांगितलं, की सोवळ्याची साडी नेस, तुला बसवतो. तिचा चेहरा असा उजळला, की वैदेहीने तव्यावरून हात काढून माझ्याकडे पाहिलं. बायकोने इतक्या मायेने कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

अकरा वाजता पंचवीसेक माणसं जमली. साळवी रुवीहून पहिल्या बसने आला होता. मी यंत्राला पिशवी लावली, एसी बंद केला. मुग्धा आईची हिरवी साडी नेसून आली आणि तिच्या मागोमाग जिन्सी, तीही साडीत, केसांत वैदेहीने माळलेला गजरा. मुग्धा पाटावर बसली आणि शेजारी जागा ठेवून थोडी सरकली. जिन्सी बसायला वाकली. मी मध्ये हात घातला. जिन्सीला म्हणालो, “तू तिकडे बस.” आणि मुग्धाच्या तळहातावर सुपारी ठेवली.

मुग्धाने सुपारीकडे बघितलं. “बाबा, ही कोण?” मी समजावून सांगितलं, जोडीदार हजर नसला की त्याच्या जागी. ती म्हणाली, “पण ती हजर आहे.” लोक ऐकत होते. कुणाला काय कळत होतं ते मला कळत नव्हतं, आणि माझ्या मानेवरून घाम वाहत होता. मी दातांवर दात ठेवून म्हणालो, शास्त्राप्रमाणे बस. तेव्हा तिने शाळेतल्यासारखं, शब्द जुळवत, मला विचारलं, “बाबा, सुपारी चालते. मग जिन्सी का नाही?”

ज्याला उत्तर येत नाही तो ओरडतो, हे मी माझ्या वडिलांकडून शिकलेलो. मी ओरडलो, “कारण सुपारी काही विचारत नाही.”

एवढं खरं मी आयुष्यभरात बोललो नसेन. मुग्धा उठली. सुपारी तिने चौरंगावर नीट ठेवली, फेकली नाही. दोघी आतल्या खोलीत गेल्या. मी वैदेहीला हाक मारली, ये, आपण बसू. वैदेहीने शिऱ्याखालचा गॅस बंद केला, पदराला हात पुसले, आणि तीही त्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती. मुहूर्त चालला होता. मी चौरंगावरची सुपारी उचलली, स्वतःच्या कनवटीला लावली, आणि एकटा पूजेला बसलो. तीस वर्षं संसार केलेली बायको सहा पावलांवर दाराआड होती. पाचही अध्याय मी वाचले, एकही अक्षर न चुकता.

नंतर लोक शिरा खाऊन गेले. जाताना एक वयस्क गृहस्थ माझा खांदा थोपटून म्हणाले, गुरुजी, बरं केलंत, धर्म राखलात. आणखी दोघांनी नुसतं हात जोडून तेच सांगितलं. म्हणजे कळलं होतं सगळ्यांना. ह्या माणसांचा मला आजही भयंकर संताप येतो. त्यांनी माझी मुलगी उठून जाताना पाहिली होती आणि वर दुसऱ्यांदा शिरा मागितला होता. पण त्यांच्यावर तरी किती रागावणार? शिरा वाढत मीच होतो.

दुसऱ्या दिवशीच्या विमानाने दोघी गेल्या. मुग्धा पाया पडली, जिन्सी पडली नाही. त्यानंतर मुग्धाचे फोन यायचे, पण त्यात बीपीची गोळी आणि हवामान ह्यापलीकडे काही नसायचं. वैदेहीने घरात शिरा करणं बंद केलं. भांडली नाही, अबोला धरला नाही. फक्त एकदा म्हणाली, “त्या दिवशी तुमचं काही अडलं नाही ना माझ्यावाचून? मग झालं तर.” गेल्या वर्षी ती एकटीच महिनाभर टोरोंटोला जाऊन आली. येताना फोटो घेऊन आली, मी मागितले नाहीत आणि तिने दाखवले नाहीत.

गेल्या श्रावणात पूजा सांगायला रुवीला गेलो तर साळवीच्या खोलीत पूजेची तयारीच नव्हती. त्याने चहा केला, मला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेला बसला. म्हणाला, यंदा नको. मी कारण विचारलं. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “गुरुजी, मी सात वर्सां सुपारीक बायल म्हणतंय. तुम्ही कधी हसलास नाय. तुमच्या चेडवान जित्या माणसाक आपला म्हटल्यान, तर तुमचां काय गेलां?” मला साळवीने शिकवावं ह्याचा आधी राग आला. हा सातवी नापास, मी दशग्रंथी बापाचा मुलगा. चहा तसाच टाकून उठलो. बसथांब्यावर उभा राहिलो, चष्म्यावर वाफ, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि माझं काय गेलं असतं ह्याचं उत्तर शोधत बसलो. दोन बस गेल्या.

त्यानंतर मी वडिलांचं दप्तर उघडलं. लाल कापडात बांधलेली पोथ्यांची जुडी एकतीस वर्षं माझ्याबरोबर आहे. वर्षभर रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर वाचत होतो. नियम हवा होता मला. ‘नाही’ म्हणणारी एक ओळ सापडली असती, तर थॉमससारखा मीही तिच्या मागे लपलो असतो. सुपारीचा नियम सापडला. बायको दूर असेल तर काय, रुसली असेल तर काय, सगळं सापडलं. गवताची काडीसुद्धा माणसाच्या जागी चालते. दोघी बायका बसू नयेत असं मला कुठे दिसलं नाही, बसाव्यात असंही नाही. कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या पोथीत असेलही, माझ्याजवळच्यात नव्हतं. मुग्धाला पोथीने नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, आणि पोथीचं नाव सांगितलं होतं.

हे कळायला साठ वर्षं लागली, ह्याची चीड कुणावर काढायची? नऊ वर्षांच्या पोराला थप्पड बसली तेव्हा त्याने पुन्हा विचारायला हवं होतं. देव खरा असेल तर त्याला प्रश्नांचं भय नसणार. आणि प्रश्नाने नाव बुडवणारा असेल, तर असल्या देवाला केळीचे खुंट बांधायला मी मोकळा नाही. हे मी ठामपणे लिहितो आहे, पण सकाळी अंघोळीनंतर हात अजून आपोआप जोडले जातात. कुणापुढे जोडतो ते सांगता येत नाही.

मागच्या शनिवारी वैदेही बॅग भरत होती. यंदा पुन्हा चालली आहे, तिकीट एकाचंच. कुळथाचं पीठ, कोकमं, जिन्सीला आवडतात म्हणून आंबोशीचे तुकडे. मी मुग्धाला फोन लावला. तिथे सकाळ होती. मी तिला वर्षभर जमवलेलं सगळं एका दमात सांगितलं. पोथ्या वाचल्या, माझी चूक झाली, संकल्पात दोघींची नावं कशी घ्यायची तेही मी बसवलं आहे, तुम्ही दोघी बसा, मी इथून सांगतो. आता ती रडेल असं मला वाटत होतं.

ती रडली नाही. म्हणाली, “बाबा, आम्ही पूजा करत नाही आता. मी देव मानत नाही.” मी म्हणालो, पण तूच तर बसायचं म्हणत होतीस. ती म्हणाली, “ते देवासाठी नव्हतं. लग्नात तुम्ही नव्हता. म्हणून तुमच्यासमोर बसायचं होतं, एकदा.” मग म्हणाली, “आता लग्नाला अडीच वर्षं झाली, बाबा. झालं ते.”

म्हणजे वर्षभर मी जे दार उघडायला झटत होतो, त्यातून त्यांना आता जायचंच नव्हतं. मला क्षणभर जुना संताप आला. एवढं मी नमतं घेतलं, आणि हिची ही तऱ्हा. तोंडापर्यंत शब्द आले होते. पलीकडे वैदेही आंबोशीची पिशवी बांधायची थांबली होती. मी ते शब्द गिळले आणि विचारलं, मी आईबरोबर आलो तर चालेल का?

मुग्धा म्हणाली, “थांबा, जिन्सीला विचारते. तिचं पण घर आहे.”

कुणी पाटावर बसावं आणि कुणी भिंतीशी, हे तीस वर्षं मी ठरवत आलो होतो. आता मी फोन कानाला लावून उभा होतो. पलीकडे दोघींचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं, नीट ऐकू येत नव्हतं. एकदा जिन्सीचा आवाज चढला. मग भांडी ठेवल्याचा आवाज आला, आणि फोन हातातून हातात गेला.

“अंकल,” जिन्सी म्हणाली. आवाज ताठ होता, मराठी अडखळत होतं, पण तिने ते सोडलं नाही. “मला तुमचा राग आहे. अजून आहे. तरी या.”

मी बरं म्हणालो.